जुने दागिने मोडून नवे घडवताना

बहुतेक लोक सोनाराकडे जातात ते मोबाइलमध्ये एक फोटो घेऊन. "अशी अंगठी हवी, आणि हे जुने सोने त्यात घाला." फोटोतली अंगठी १८ कॅरेटची असते, त्यातला हिरा गोल असतो. हातातल्या डब्यात असतात २२ कॅरेटची विरलेली साखळी, जोडीतले एकटे उरलेले डूल आणि एक लांबट पाचू. पुढे जे काही बिनसते ते इथूनच बिनसायला लागते. आपल्याजवळ कोणता धातू आहे, किती कसाचा आहे, खडे कोणते आणि किती तापमान सोसणारे आहेत, हे कळल्याशिवाय नवी नक्षी ठरवू नका. माल आधी समजून घ्या, चित्र नंतर काढा. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

मोडायची खरंच गरज आहे का?

दागिना का वापरला जात नाही, याचे नेमके कारण एका वाक्यात लिहून काढा. "आवडत नाही" हे कारण पुरेसे नाही. कान ओढतात, फासा एकटीला लावता येत नाही, काटे कपड्यात अडकतात, बोटात बसत नाही, रंग फार पिवळा वाटतो, उंच बसवलेला खडा सगळीकडे आपटतो: असे काहीतरी हवे. यातल्या निम्म्या तक्रारींना आटणीची, म्हणजे सोने वितळवण्याची, गरजच नसते. फासा बदलता येतो. लांब साखळीचे दोन तुकडे करून एक गळ्यात आणि एक मनगटात घालता येते. एकटे उरलेले कानातले वर कडी जोडून लॉकेट होते. ब्रोचच्या मागची टाचणी काढून दोन कड्या बसवल्या की ते साखळीच्या मधोमध बसते. रंग नकोसा असेल तर मुलामा देऊन वर्षभर वापरून बघता येते. नाही आवडला तर तो काढता येतो.

काही दागिने मात्र मोडूच नयेत. रवाकाम, बारीक तारकाम, हाताने केलेला मीना, जुन्या पद्धतीने घासलेले हिरे, आत कारागिराचा किंवा पेढीचा शिक्का असलेले नग यांची किंमत त्यांच्या वजनात नसते. रव्याचा एकेक दाणा पृष्ठभागावर वितळवून बसवलेला असतो. मुशीत, म्हणजे धातू वितळवायच्या भांड्यात, गेल्यावर त्या सगळ्या मेहनतीचा एक गोळा होतो आणि हाती फक्त धातूचा भाव येतो. शंका असेल तर मोडण्याआधी जुन्या दागिन्यांचा जाणकार गाठा. आणि तो जाणकार तुमच्याकडून सोने विकत घेणारा नसावा, हे उघडच आहे.

घरच्या टेबलावर करायचे काम

लागणारे साहित्य थोडेच आहे: ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा वजनकाटा, दहा पट मोठे दाखवणारे भिंग, एक लोहचुंबक, मिलिमीटरची पट्टी किंवा व्हर्नियर, आणि झिप लावता येतील अशा लहान पिशव्या.

प्रत्येक नग वेगळा करा, त्याला क्रमांक द्या, दोन्ही बाजूंनी फोटो काढा, वजन लिहा. मग शिक्का शोधा. अंगठीत तो आतल्या बाजूला असतो, साखळीत फाशाजवळच्या छोट्या पट्टीवर, कानातल्यात दांडीवर किंवा फिरकीच्या चकतीवर. ३७५ म्हणजे ९ कॅरेट, ५८५ म्हणजे १४, ७५० म्हणजे १८, ९१६ म्हणजे २२. हे आकडे हजारात किती भाग शुद्ध सोने आहे ते सांगतात. ९२५ चांदीवर दिसतो, ९५० बहुधा प्लॅटिनमवर. 'जीपी' अशी अक्षरे असतील तर तो मुलामा आहे. 'जीएफ' असेल तर दुसऱ्या धातूवर सोन्याचा पातळ पत्रा चढवलेला आहे. असे नग आटवण्याच्या ढिगातून लगेच बाजूला काढा. मोठ्या ढिगात एखादा मुलाम्याचा नग चुकून गेला तर सगळ्याचाच कस खाली येतो.

चुंबक कशासाठी? सोने, चांदी आणि तांबे त्याला चिकटत नाहीत. पण साखळीच्या फाशात पोलादाची बारीक स्प्रिंग असते, ती चिकटते. म्हणून फाशाजवळ चुंबक ओढला गेला तर घाबरू नका, साखळीच्या मध्यभागी लावून पाहा. हेही लक्षात ठेवा की चुंबकाला न चिकटणे हा सोन्याचा पुरावा नव्हे, पितळही चिकटत नाही. आणि आटवण्याआधी ती स्प्रिंग काढायलाच हवी. मुशीत लोखंड गेले की धातूत कठीण ठिपके तयार होतात. पत्रा ओढताना तिथे चीर जाते आणि झिलई देताना ते ठिपके उघडे पडतात.

पोकळ नगांवर वेगळी खूण करा. काही पोकळ दागिन्यांच्या आत लाख भरलेली असते, तेव्हा काट्यावर दिसणाऱ्या वजनाचा मोठा भाग लाखेचा असू शकतो. लाख काढल्यावर, म्हणजे नग उघडून तापवल्यावरच, खरे वजन कळते. ते तुमच्या समोर व्हायला हवे.

कस आणि वजनाचा हिशोब

शिक्का हा दावा असतो, निकाल नव्हे. तपासण्याच्या तीन पद्धती आहेत. कसोटीच्या दगडावर रेघ ओढून त्यावर आम्ल टाकले की अंदाज येतो, पण तो फक्त पृष्ठभागाचा असतो आणि बघणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून असतो. क्ष-किरण यंत्र एका मिनिटात टक्केवारी दाखवते. मात्र तेही वरचा थर वाचते, त्यामुळे जाड मुलामा त्याला फसवू शकतो. एकच जागा न तपासता दोनतीन जागी, आणि शक्य असेल तिथे कानशीने घासून आतला धातू उघडा करून तपासायला सांगा. सर्वात पक्की पद्धत म्हणजे अग्निपरीक्षण: नमुना शिशाबरोबर तापवून हलके धातू वेगळे करतात आणि उरलेल्या शुद्ध सोन्याचे वजन घेतात. यात नमुन्याचा छोटा तुकडा खर्ची पडतो, म्हणून ती लगडीवर, म्हणजे आटवून केलेल्या धातूच्या तुकड्यावर, करणेच शहाणपणाचे.

तपासणी आटवण्याआधी केली आणि आटवल्यानंतर केली तर आकडे वेगळे येऊ शकतात. त्यात दरवेळी लबाडी असते असे नाही. साखळीच्या प्रत्येक कडीला डाख असतो. डाख म्हणजे जोड धरणारा, लवकर वितळणारा मिश्रधातू, आणि तो बहुधा मूळ धातूपेक्षा कमी कसाचा असतो. शेकडो कड्यांची साखळी आटवली की तो सगळा डाख गोळ्यात मिसळतो आणि ९१६ च्या साखळीची लगड ९०० च्या आसपास भरू शकते. पुन्हापुन्हा दुरुस्त केलेल्या नगात हे जास्त दिसते.

एका कानातल्यांच्या जोडाचा हिशोब शेवटपर्यंत करून पाहू. काट्यावर एकूण ९.८० ग्रॅम. त्यात मिळून ०.४० कॅरेटचे छोटे हिरे आणि ३.२० कॅरेटचे दोन मोती. खड्यांचा एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, म्हणून ३.६० कॅरेट म्हणजे ०.७२ ग्रॅम. निव्वळ धातू ९.०८ ग्रॅम. आटवल्यावर मळ, जुने मेण, धूळ जळून लगड ८.९६ ग्रॅम भरली आणि तपासणीत कस ९०० निघाला. म्हणजे हातात ८.०६ ग्रॅम शुद्ध सोने आहे.

आता यातून १८ कॅरेट करायचे असेल तर ८.०६ भागिले ०.७५ म्हणजे सुमारे १०.७५ ग्रॅम धातू तयार होईल. सोनार त्यात १.८ ग्रॅमच्या आसपास तांबे-चांदी मिसळेल. पण २२ कॅरेटच ठेवायचे असेल तर कस वर चढवावा लागेल, आणि त्यासाठी जवळपास १.७ ग्रॅम शुद्ध सोने वरून घालावे लागेल. कस उतरवणे स्वस्त, चढवणे महाग. कागदावर हे गणित मांडून दाखवायला सांगितले की पुढच्या निम्म्या शंका मिटतात. जो कारागीर ते मांडायला कंटाळा करतो त्याच्याकडे काम देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

वेगवेगळ्या कसाचे नग एकत्र आटवायचे असतील तेव्हाही हेच. २२ कॅरेटचे १० ग्रॅम आणि १८ कॅरेटचे ६ ग्रॅम मिसळले तर शुद्ध सोने ९.१६ अधिक ४.५० म्हणजे १३.६६ ग्रॅम, एकूण १६ ग्रॅममध्ये. कस येतो ८५४ च्या जवळ, जो कुठल्याही ठरलेल्या शिक्क्यात बसत नाही. त्याला पुन्हा खाली किंवा वर न्यावेच लागते. म्हणून शक्य असेल तर एका कसाचे नग एका गटात ठेवा.

पांढरे सोने पिवळ्यात मिसळू नका. पांढरेपणा निकेल किंवा पॅलेडियममुळे आलेला असतो. मिसळल्यावर फिक्कट, निर्जीव रंग येतो, आणि निकेल ज्यांच्या त्वचेला चालत नाही त्यांना नवा दागिनाही खाजवायला लागतो. प्लॅटिनमचा तर मार्गच वेगळा. सोने १०६४ अंश सेल्सिअसला वितळते, प्लॅटिनम १७६८ अंशांना; त्याला मूस वेगळी, ज्योत वेगळी, कारागीरही बहुधा वेगळा.

खडे: इथे घाई महागात पडते

धातू बिघडला तर पुन्हा आटवता येतो. खडा फुटला की फुटला. म्हणून खडे काढण्याआधी भिंगातून पाहून प्रत्येकाची नोंद करा: आकार, लांबी-रुंदी, रंग, कडेला आधीच गेलेला टवका, आतली ठळक खूण. गोल हिऱ्याच्या वजनाचा अंदाज व्यासावरून येतो. ६.५ मिलिमीटर म्हणजे साधारण एक कॅरेट, ५.२ म्हणजे अर्धा, ४.१ म्हणजे पाव, ३ मिलिमीटर म्हणजे दहा सेंटपेक्षा किंचित जास्त (सेंट म्हणजे कॅरेटचा शंभरावा भाग). हा अंदाज चांगल्या प्रमाणात घासलेल्या हिऱ्याचा आहे. जुन्या, खोल किंवा चपट्या हिऱ्यात तो चुकतो.

खड्याचा कठीणपणा आणि त्याची सोसण्याची ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाचू कठीणपणाच्या मापावर साडेसात ते आठ असतो, तरी खडे काढताना सर्वात जास्त तोच दगा देतो. बहुतेक पाचूंच्या आत भेगा असतात आणि त्या तेलाने किंवा राळेने भरलेल्या असतात. ज्योतीची आच, वाफ, ध्वनिलहरींचे सफाई यंत्र यांपैकी काहीही लागले की तेल निघून जाते आणि काल दिसत नसलेली भेग आज दिसते. माणकात शिशाची काच भरलेली असेल तर आम्लाने आणि उष्णतेने ती काच खराब होते; असा खडा भिंगातून पाहिला की आत निळसर-केशरी झाक किंवा चपटे बुडबुडे दिसतात. पुष्कराज (म्हणजे इथे टोपाझ, पिवळा नीलम नव्हे) एका दिशेने सरळ चिरतो. ओपलला अचानक तापणे-थंड होणे सोसत नाही. मोती, पोवळे, पिरोजा यांना आम्ल लावायचेच नाही.

हिरा आच सोसतो म्हणतात ते अर्धे खरे. उघड्या हवेत ७०० ते ८०० अंशांच्या आसपास त्याचा पृष्ठभाग जळून दुधाळ होतो. डाख देताना खडा काढता येत नसेल तर कारागीर त्याला स्पिरिटमध्ये कालवलेल्या बोरिक आम्लाचा लेप देतो, तो याचसाठी. आणि भेगा भरून सुधारलेला हिरा असेल तर लेप देऊनही ज्योत लावू नये.

मागून बंद असलेल्या जुन्या कोंदणात खड्याखाली चमकीचा पातळ पत्रा असू शकतो. पाणी आत गेले की तो काळा पडतो, आणि खडा काढल्यावर रंग एकदम उतरलेला दिसतो. खडा बदलला असा संशय येण्याची ही नेहमीची जागा. म्हणून बंद कोंदण तुमच्या समोर उघडायला सांगा, आणि पत्र्याखालून काय निघाले त्याचा तिथेच फोटो काढा.

सुटे काढलेले खडे पुन्हा मोजा आणि तोला. जुने खडे ठरावीक मापाचे नसतात; दोन "सारख्या" दिसणाऱ्या खड्यांत ०.२ मिलिमीटरचा फरक सहज निघतो. तयार कोंदणात ते बसत नाहीत, त्यांच्यासाठी कोंदण घडवावे लागते. नक्षी खडे सुटे झाल्यावरच ठरवा असे आम्ही म्हणतो ते यासाठी.

हातघडण की ओतकाम

नवा नग दोन मार्गांनी तयार होतो. हातघडणीत लगड ठोकून, रुळातून दाबून पत्रा आणि जंतरपट्टीतून (लहान होत जाणाऱ्या भोकांच्या पट्टीतून) ओढून तार करतात, मग कापून, वाकवून, डाख देऊन जोडतात. ओतकामात आधी मेणाचा किंवा राळेचा हुबेहूब नमुना तयार होतो, तो खास प्लास्टरमध्ये बसवतात, भट्टीत ७०० अंशांच्या पुढे तापवून मेण जाळून टाकतात आणि त्या पोकळीत धातू ओततात.

आपलेच सोने नव्या दागिन्यात हवे, ही भावना असेल तर पहिला मार्ग सोपा. लगड डोळ्यांसमोर असते, तिच्यातूनच पत्रा निघतो. साधी अंगठी, कडे, पट्टीची बांगडी, कोंदणातला एक खडा, हे सगळे हाताने उत्तम होते. ओतकामात अडचण अशी की साच्यात धातू जाण्यासाठी नळी आणि वरचा गठ्ठा लागतो. ६ ग्रॅमच्या नगाला साधारण दीडपट, म्हणजे ९ ग्रॅम धातू ओतावा लागतो. उरलेले ३ ग्रॅम परत मिळतात, पण ते सुरुवातीला हवेतच. शिवाय एका झाडासारख्या दांडीवर अनेक गिऱ्हाइकांचे मेणाचे नमुने लावून एकदम ओतकाम करतात. तुमचे सोने स्वतंत्र ओतायचे असेल तर तसे आधी सांगा, लेखी घ्या, आणि त्याची मजुरी वेगळी लागेल हे धरून चाला. कित्येक ठिकाणी जुने सोने जमा करून तेवढ्याच शुद्ध वजनाचे दुसरे सोने वापरतात. त्यात गैर काही नाही, फक्त ते तुम्हाला माहीत असले पाहिजे.

जुना धातू ओतताना सर्वात जास्त त्रास देतो तो सच्छिद्रपणा. पुन्हापुन्हा आटवलेल्या मिश्रधातूतले जस्त उडून जाते, तांब्याचे ऑक्साइड साठते, डाखातले इतर धातू मिसळतात. ओतल्यावर नग बाहेरून ठीक दिसतो आणि झिलई देताना टाचणीच्या टोकाएवढी भोके उघडी पडतात. उपाय म्हणजे निम्मा तरी ताजा धातू मिसळणे किंवा जुने सोने आधी रासायनिक पद्धतीने शुद्ध करून घेणे. शिसे किंवा कथील अगदी थोडे गेले तरी सोने ठिसूळ होते. पत्रा रुळातून दोनदा जाताच कडा फाटतात. कुठल्याशा घाईच्या दुरुस्तीत साध्या कथलाच्या डाखाने चिकटवलेला नग तुमच्याकडे असेल (राखाडी, मऊ ठिपका दिसतो) तर तो भाग कापूनच आटवायला द्या.

हातघडणीतही धातू मधूनमधून तापवून मऊ करावा लागतो. हे टाळले की तार ओढतानाच तुटते किंवा, वाईट म्हणजे, नग तयार झाल्यावर महिन्याभराने वाकलेल्या जागी चीर जाते.

नक्षी आणि नमुना

आता चित्राकडे या. कागदावर खऱ्या मापात काढून घ्या. मोबाइलच्या पडद्यावर सगळे मोठे दिसते. संगणकावर आराखडा केला असेल तर घनफळ विचारा. ते मिळाले की वजन तुम्हीच काढू शकता: १८ कॅरेट पिवळ्या सोन्याची घनता सुमारे १५.५, २२ कॅरेटची १७.७, ९२५ चांदीची १०.४ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. मेणाचा नमुना असेल तर त्याचे वजन घेऊन हेच आकडे वापरा, कारण मेणाची घनता एकच्या आसपास असते. नमुना ०.४२ ग्रॅमचा असेल तर १८ कॅरेटमध्ये सुमारे ६.५ ग्रॅम, २२ कॅरेटमध्ये ७.४ ग्रॅम, चांदीत ४.४ ग्रॅम. कानशीने आणि झिलईने यातून थोडे उतरते. राळेचा छापील नमुना मेणापेक्षा जड असतो, तिथे हा गुणाकार फुगतो. त्यासाठी घनफळच घ्या.

धातू पुरवण्यासाठी अंगठीची दांडी बारीक करायचा मोह होतो. रोज घालायच्या अंगठीची खालची बाजू १.५ मिलिमीटरपेक्षा पातळ नको, १.८ असली तर बरे. पातळ दांडी आधी लंबगोल होते, मग खडा धरणारे काटे सैल पडतात, मग खडा जातो. अर्ध्या कॅरेटच्या हिऱ्याला काटे साधारण एक मिलिमीटर जाड हवेत. काट्यांत खडा बसवायचा असेल तर २२ कॅरेटचा आग्रह सोडा. तो धातू मऊ आहे, काटे कपड्याच्या धाग्यानेही उघडतात. १८ किंवा १४ कॅरेट घ्या, नाहीतर काट्यांऐवजी खड्याभोवती पूर्ण कोंदण घ्या. नाजूक खड्यांना, म्हणजे पाचू, ओपल, पिरोजा यांना, अंगठीत कोंदणच योग्य. त्याहून योग्य म्हणजे त्यांना अंगठीत न घालता लॉकेटात किंवा कानात घालणे.

बोटाचे माप संध्याकाळी घ्या. सकाळी आणि थंडीत बोटे आक्रसतात. पट्टी सहा मिलिमीटरपेक्षा रुंद असेल तर माप किंचित सैल ठेवावे लागते. पूर्ण वेढ्यात खडे असलेली अंगठी नंतर लहान-मोठी करता येत नाही, म्हणून तिच्यासाठी आधी पितळेची किंवा चांदीची साधी कडी त्याच मापात करून आठवडाभर घालून पाहा. लॉकेट करत असाल तर त्याच्या कडीतून साखळीचा फासा ओवला जातो का, हे आत्ताच बघा. तयार झाल्यावर ओवला गेला नाही म्हणून कडी कापून पुन्हा डाख देणे ही कार्यशाळेतली अगदी रोजची, आणि अगदी टाळता येण्यासारखी, गोष्ट आहे.

कानातल्यांसाठी ठरलेल्या वजनाचा कुठलाही छोटा नग दिवसभर कानात अडकवून बघा. आरशात दोन मिनिटे छान वाटणारे वजन चौथ्या तासाला ओढायला लागते.

पावतीत काय लिहून घ्यायचे

तोंडी ठरलेले काम आणि लेखी ठरलेले काम यांतला फरक वाद झाल्यावरच कळतो. पावतीवर एवढे असायला हवे:

- प्रत्येक नगाचे एकूण वजन, खडे काढल्यावरचे वजन आणि आटवलेल्या लगडीचे वजन, तिन्ही वेगळे
- लगडीचा तपासलेला कस आणि तपासणीची पद्धत
- सुट्या खड्यांची संख्या, मापे, वजन आणि आधीपासून असलेले दोष, फोटोसह
- नव्या नगाचा कस, अंदाजे वजन आणि त्यात किती कमी-जास्त चालेल
- घट किती टक्के धरली आहे, आणि ती मजुरीत धरली आहे की वेगळी
- उरलेला धातू, कापलेले तुकडे आणि न वापरलेले खडे परत मिळणार का
- खडा काढताना किंवा बसवताना फुटला तर जबाबदारी कोणाची

शेवटचा मुद्दा टाळला जातो, कारण तो विचारायला अवघड वाटतो. बहुतेक चांगले कारागीर गिऱ्हाइकाच्या खड्याची पूर्ण हमी देत नाहीत, आणि तसे स्पष्ट सांगतात. ते ऐकून नाराज होऊ नका. भेगाळलेल्या पाचूची सरसकट हमी देणारा माणूस जास्त काळजीचा.

घटीबद्दल थोडे सविस्तर. कानशीचा कीस, झिलईच्या चाकावर जाणारी धूळ, डाख देताना जळणारा भाग, मुशीला चिकटलेला कण, असे थोडे सोने खरोखरच कमी होते. जाळीच्या, खाचाखोचा असलेल्या कामात जास्त, गुळगुळीत पट्टीत कमी. म्हणून सगळ्या कामांना एकच टक्का लावला जात असेल तर विचारा का. कीस आणि धूळ कार्यशाळेत गोळा करून पुन्हा शुद्ध करतात, तेव्हा त्यातले काही परत मिळतेच. मजुरी आणि घट दोन्हीकडे तोच खर्च धरला जात नाही ना, एवढे पाहा.

ताब्यात घेताना

चांगल्या उजेडात, भिंग बरोबर घेऊन जा. वजन तुमच्यासमोर करायला सांगा आणि पावतीशी जुळवा. नवा शिक्का आहे का पाहा. आटवल्यावर जुना शिक्का संपतो, नव्या नगाची तपासणी नव्याने व्हायला हवी. भिंगातून प्रत्येक काटा खड्याला टेकलेला आहे का बघा. नग कानाजवळ धरून बोटाने हलके टिचकी मारा: खुळखुळ ऐकू आली तर एखादा खडा सैल आहे. लोकरीच्या कपड्यावरून फिरवून बघा, धागा अडकला तर काट्याचे टोक नीट वळवलेले नाही.

खडे तुमचेच आहेत का, हे टिपलेल्या खुणांवरून ताडून पाहा. बसवल्यावर खडा वेगळा दिसतो, हे मात्र गृहीत धरा. मागून उघड्या कोंदणात उजेड आत शिरतो आणि खडा फिका वाटतो; पिवळ्या सोन्यात किंचित पिवळसर हिरा पांढरा भासतो, पांढऱ्या सोन्यात तोच पिवळा उठून दिसतो.

पांढऱ्या सोन्याच्या नगावर ऱ्होडियमचा मुलामा असेल. अंगठीवर तो वर्ष-दोन वर्षांत झिजतो आणि खालची मूळ झाक दिसू लागते. तो दोष नव्हे, पुन्हा चढवता येतो. खडे असलेला नग पहिल्या तीन-चार महिन्यांनी एकदा काटे तपासायला न्या, कारण नव्याने दाबलेले काटे वापरात थोडे सुटतात. मोत्यांचा सर पुन्हा ओवला असेल तर प्रत्येक मोत्यानंतर गाठ आहे का ते पाहा. गाठी असल्या की धागा तुटला तरी एकच मोती निसटतो.

उरलेला धातू तुकड्यांच्या रूपात न घेता एका लहान लगडीत आटवून, वर वजन आणि कस कोरून घ्या. सुटे खडे वेगवेगळ्या पुड्यांत, मापे लिहून. एकाच पुडीत टाकलेले हिरे एकमेकांना ओरखडतात आणि शेजारच्या पाचूचे तर कोपरेच घालवतात.